नलूनं परदेश नाकारला नव्हता

नलू गेल्याचं मला शाळेत कळलं. सातवीचा तास चालू होता. शिपाई दारात येऊन म्हणाला, "मॅडम, घर से फोन है." फोनवर माझा नवरा सुधीर होता, पण त्याचा आवाज ओळखूच येईना. त्याची धाकटी बहीण, वकील नलिनी, कोर्टाच्या आवारात चक्कर येऊन पडली होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पंचेचाळिशीही गाठली नव्हती तिनं. सकाळी डबा घेताना ती माझ्यावर चिडली होती, कारण मी पुन्हा दोडक्याचीच भाजी दिली होती. आमचं शेवटचं बोलणं ते.

पुढच्या रविवारी बुद्धविहारात शोकसभा झाली. वकील आले, नातेवाईक आले, कारखान्यांतले कंत्राटी कामगार बायकापोरांना घेऊन आले. एक ज्येष्ठ वकील उठून बोलले, "नलिनीजी ने विदेश की पढ़ाई ठुकरा दी, ताकि यहाँ के मजदूरों की लड़ाई न छूटे." लोकांनी माना डोलावल्या. मग पुढच्या प्रत्येक भाषणात तेच आलं, दुसऱ्या दिवशी तिच्या फोटोखाली मोबाईलवरही तेच फिरलं. सभेत मी काहीतरी बोलायला उठणार, एवढ्यात सुधीरनं माझा हात धरला. "जाऊ दे ना, चांगलंच बोलून राहिले सारे." मी खाली बसले. पण ते वाक्य मला तसंच सोडवत नाही, म्हणून हे लिहिते आहे. नलूनं काहीही ठुकरावलं नव्हतं. तिला जायचं होतं.

लग्न होऊन मी नागपूरहून रायपूरला आले तेव्हा ती कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती नणंद म्हणून मी जरा दबकूनच होते, पण दुसऱ्याच दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "वहिनी, मले स्वयंपाक येत नाही आणि शिकायचाबी नाही. भांडे घासून देत जाईन." आणि खरंच देत गेली. उभ्यानं जेवायची, चालता चालता केस बांधायची, कुणी सावकाश बोललं तर त्याचं वाक्य स्वतःच पुरं करायची. सनद मिळाल्यावर तिनं कामगारांचे खटले घ्यायला सुरुवात केली. रायपूरजवळच्या उरला-सिलतऱ्याच्या लोखंडाच्या भट्ट्यांमध्ये भाजलेली, बोटं गेलेली माणसं आमच्या ओसरीत बसलेली असायची. एकदा एका कामगाराचा हात मशीनमध्ये गेला. भरपाई मिळाली, पण त्या दिवशी ती घरी आली ती घुश्श्यातच. म्हणाली, "हात गेल्यावर त्याची किंमत लावता येते मले. तो जाऊ नये म्हणून जबाबदार कोन, हे बाहेरच्या देशांत कसं ठरवतात ते शिकाचं हाये. इथं कोनी शिकवत नाही." आमच्या समाजात परदेशी जाऊन कायदा शिकणं ही हौस नसते. ती लहानपणापासून ऐकलेली गोष्ट असते.

तिनं अर्ज केला, परीक्षा दिली, आणि इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला. वर अर्धी फी माफ. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, गोल बाजारातून पेढे आणले आणि अख्ख्या गल्लीत वाटले. रेल्वेत आयुष्य गेलेला माणूस, कधी मोठ्यानं बोलला नाही, पण त्या दिवशी भेटेल त्याला सांगत होता, "आधी फीस तो माफ ही है." अर्धी फी माफ म्हणजे अर्धी फी भरा, हे आम्हाला पेढे संपल्यावर कळलं. शिवाय तिथलं भाडं, जेवण, विमान, व्हिसा, जागा पक्की करायला आधीच भरायची आणि परत न मिळणारी रक्कम. आणि हे सगळे पैसे व्हिसाच्या आधी काही आठवडे खात्यात नुसते पडून दिसले पाहिजेत. पैसे नुसते पडून आहेत असं घर आमच्या ओळखीत एकही नव्हतं.

बँकेचा मॅनेजर चांगला माणूस होता. त्यानं चहा पाजला. पण आमचं तात्यापारा मोहल्ल्यातलं घर सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर, ते गहाण चालणार नव्हतं. बाबांनी निवृत्तीचा सगळा पैसा ज्या भिंतींत घातला, त्या भिंती बँकेच्या लेखी नव्हत्याच. सुधीरच्या पगारावर जेवढं कर्ज बसत होतं, त्यात तिथलं भाडंही निघेना. मग उरली ती सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती. सगळा खर्च त्यात होता. नलू पात्रही होती, फक्त वयाची मर्यादा जवळ आली होती आणि जातीचा दाखला हवा होता.

त्या दाखल्यानं आम्हाला वर्षभर नाचवलं. इथल्या कार्यालयात म्हणाले, तुमचं मूळ महाराष्ट्रात, तिकडून आणा. बाबा म्हणाले, "साहेब, माझी सारी नोकरी इथं गेली, पोट्टी इथंच जन्मली." कारकून हसून म्हणाला, "नौकरी यहाँ गई होगी दादाजी, जड़ तो वहाँ की है ना." म्हणून बापलेक गाडीत बसून भंडाऱ्याकडच्या गावी गेले. तिथं सांगितलं, मुलगी जन्मली, शिकली रायपूरला, आम्ही कसा देणार? परत आल्यावर नलू पायऱ्यांवरच बसली. म्हणाली, "इथं मी महाराष्ट्राची, तिथं छत्तीसगडची. मंग हाये तरी कुठची, वहिनी?" मी पाणी दिलं. दुसरं काय देणार होते...

विद्यापीठाला तिनं एक वर्ष थांबायची विनंती केली. उत्तर मोठं गोड आलं. जागा राखून ठेवतो, फीची माफी मात्र नव्यानं मागावी लागेल. तिनं मागितली, आणि या वेळी ती दुसऱ्या कुणाला गेली. दाखला अखेर मिळाला तेव्हा शिष्यवृत्तीसाठी तिचं वय उलटून गेलं होतं. दाखला देणाऱ्यानं वर अभिनंदनही केलं. नलू घरी आली, उभ्यानंच दोन घास पोहे खाल्ले आणि कोर्टात निघून गेली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर कितीतरी दिवस ती भांडी इतकी जोरात आपटत घासायची की शेजारीण विचारायला आली. बाबांनी नाक्यावर जाणं बंद केलं, कारण तिथं लोक विचारायचे, "बिटिया कब जा रही है?" दोन हिवाळ्यांनी ते गेले. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की आपण इथं राहायला आलो हीच आपली चूक झाली.

हे इथं संपलं असतं तर मी कदाचित नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण नलूची ज्युनियर प्रतिमा हिलाही मागच्या वर्षी असंच पत्र आलं, अर्धी फी माफ. प्रतिमाचे वडील चौबे कॉलोनीत कपड्यांना इस्त्री करतात. ती पेढे घेऊनच आली होती. नलूनं डबा बाजूला ठेवला आणि म्हणाली, "होकार देऊ नको. लिही त्यांना, एवढ्यात जमत नाही, मदत वाढवा." प्रतिमा घाबरली, "दीदी, बुरा मान गए तो?" नलू म्हणाली, "मानू दे." नुकत्याच झालेल्या दिल्लीच्या एका बैठकीत नलूला कुण्या मोठ्या वकीलबाई भेटल्या होत्या. बोलता बोलता त्या सहज म्हणून गेल्या होत्या की त्यांच्या मुलानं तीन ठिकाणी घासाघीस करून फी कमी करून घेतली, पहिल्या पत्रावर कुणी थांबतं का? प्रतिमानं लिहिलं. उत्तर यायला वेळ लागला, पण माफी वाढली, आणि राहण्याखाण्याचं विद्यापीठाच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या निधीतून जमलं.

प्रतिमाला विमानतळावर सोडून आम्ही परत येत होतो. गाडी सुधीर चालवत होता, नलू माझ्याशेजारी मागे.  ती एकदम म्हणाली, "वहिनी, मागता येते हेच मले माहीत नव्हतं. मी तर त्याईले थँक्यू लिहून पाठवलं होतं."

सुधीरनं गाडी हळू केली. 

मला राग येतो तो याचा. ती कमी पडली नव्हती. आमच्या घरात, गल्लीत, नात्यागोत्यात हे एक वाक्य तिला वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं, आणि ज्यांना ते ठाऊक होतं त्यांच्या घरी ते जेवणाच्या टेबलावर बोललं जात होतं. आता ती गेल्यावर त्याला त्याग म्हणायचं. त्याग म्हटलं की कुणाला काही विचारावं लागत नाही, बँकेला नाही, दाखला देणाऱ्यांना नाही आणि गोड पत्र लिहिणाऱ्यांना तर नाहीच. इथले खटले तिनं मनापासून लढवले, हे खरं आहे. शिकून आली असती तर आणखी नेटानं लढवले असते, हेही तेवढंच खरं.

तिची समोरची खोली आम्ही अजून आवरलेली नाही. पक्षकारांना गादीची खुर्ची आणि स्वतःला प्लास्टिकची, अशी तिची रीत होती. तशाच आहेत दोन्ही. गेल्या रविवारी बेल वाजली. एक मुलगी तिच्या आईला घेऊन उभी होती. खटल्याचा सल्ला घ्यायला बिलासपूरहून आल्या होत्या, नलू गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. आईशी मी मराठीत बोलले, मुलगी सगळं समजून हिंदीत उत्तर देत होती. मी त्यांना आत घेतलं, कूलर लावला, आईला गादीच्या खुर्चीवर बसवलं, मुलीसाठी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर पहिल्यांदाच मी बसले. मला कायद्यातलं काही कळत नाही. तिकडे परदेशात प्रतिमाला फोन लावून दिला आणि दोघींचं बोलणं होईपर्यंत पोहे केले.

निघताना ती मुलगी दारात थांबली, भिंतीवरच्या नलूच्या फोटोकडे पाहत. "आंटी, दीदी भी बाहर से पढ़कर आई थीं ना?"

"नाही बेटा," मी म्हणाले. "तिले जाऊ देल्लं नाही."