हळद लागलेली गदा

माझं अक्षर ओळीवर बसत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. ही वही कुणाला दाखवणार नाही, तरी चुकांची माफी मागून ठेवते. गदावाल्या मास्तरांबद्दल मात्र लिहायलाच हवं.

मास्तर दिवसातून वीस वेळा हात धुवायचे. मोठ्या शहरातल्या अजबखान्यातून ते पेट्या घेऊन आगगाडीने नंदुरबारला आले. पेट्यांत दूरच्या समुद्रातल्या बेटांवरच्या, लढाईत वापरायच्या लाकडी गदा होत्या. जड, अंगभर नक्षी कोरलेल्या. आमच्या शाळेत त्या आठ दिवस मांडल्या होत्या. हात धुऊन, पुसून मग मास्तर एकेक गदा तान्हं मूल उचलावं तशी उचलायचे. "लाकूड डाग विसरत नाही," म्हणायचे. एकीलाही काही झालं तर नोकरी जाईल, अशी त्यांना अजबखान्याच्या साहेबांची ताकीद होती.

माझे वडील त्या शाळेत शिपाई. मास्तरांचा डबा आमच्या घरून जायचा आणि तो मी न्यायची, मुकाट. वडील त्यांच्यासमोरच म्हणायचे, "इले तोंड शे का नहीं, देव जाने!" मास्तर हसायचे. "राहू द्या हो. ह्या गदा तरी कुठे बोलतात?"

एकदा एका तालेवार शेतकऱ्याने सगळ्यांदेखत विचारलं, "मास्तर, मन्ही मायनं मुसय चोरी लयनात का?" शाळाभर हशा. मास्तरही हसले. मग त्यांनी नक्षी त्याच्या डोळ्यांपुढे धरली. "दादा, त्यांच्याकडे लोखंड नव्हतं. दगडाने नि शिंपल्याने कोरलंय हे. आईला विचारा, तिच्या मुसळावर कुणी एवढा जीव लावलाय का." दुसऱ्या दिवशी तो खरंच आईला घेऊन आला.

काठी गावाकडचा एक म्हातारा डोंगर उतरून आला, तेव्हा मास्तरांनी त्याला आपली खुर्ची दिली. हात धुवायला पाणी दिलं, गदा हातात दिली आणि विचारलं, "बाबा, ही धरायची कशी?" म्हाताऱ्याने उभं राहून दाखवलं. मास्तरांनी ते वहीत उतरवलं. शिकलेला माणूस न शिकलेल्याला विचारताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

शेवटच्या दिवशी आमच्याकडे थोरल्या बहिणीच्या लग्नाची हळद कांडायची होती. आधी मुसळाला आंब्याची पानं बांधून हळदकुंकू वाहतात. ते करून मी तशीच, हळदीच्या बोटांनी, डबा घेऊन गेले. मास्तर विहिरीवर होते. समोर ती सर्वांत सुंदर गदा, उघड्या कपाळाची. ती माणसं मारायची वस्तू आहे हे मला ठाऊक होतं. तरी बोटं गेलीच. ओली हळद नक्षीत उतरली.

तेवढ्यात मास्तर परतले आणि मागोमाग साहेब तपासणीला आले. "हे कुणी केलं?" साहेबांनी विचारलं. मास्तरांनी माझ्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं. "बाळ, डबा ठेव आणि घरी जा." दाराबाहेरून मी ऐकलं, "माझ्या राखणीत झालं, साहेब. म्हणजे मीच केलं."

"नोकरी ठेवतो, नशीब समजा. पगारातून पंधरा रुपये कापले जातील."

संध्याकाळी वडिलांबरोबर स्टेशनावर पेट्या पोचवायला गेले. गाडी दिसली आणि माझं तोंड उघडलं. "मास्तर, ते मी केलं."

"माहीत आहे. का केलंस?"

"एवढं सुंदर... आणि कुणी पुजलेलं नव्हतं."

मी म्हटलं, "मी पैसे फेडीन." वडील माझ्याकडे बघतच राहिले. मास्तरांनी नको म्हटलं नाही. चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. "फेड. पण सावकाश."

लग्न होऊन मी रनाळ्याला आले. सासूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दंड शे तं फेडनाच पडी." शेंगा फोडण्याची मजुरी साठवायची, रुपया झाला की मनीऑर्डर करायची. चौदा वेळा त्यांच्या सहीची पोच आली. पंधराव्या वेळी पोचेबरोबर कार्ड आलं.

"पंधरावा रुपया मिळाला. सगळे फिटले. डाग घासून काढायला माणूस आला होता. मी हात धुऊन मध्ये उभा राहिलो. डाग आहे."