शनिवारनंतरची नोंद

डायलिसिस केंद्रातल्या नोंदणीच्या बाईंना सगळे ‘डबलताई’ म्हणत. पेन दोन, चष्मे दोन, पिशवीत किल्ल्यांचे जुडगेही दोन. मूत्रपिंडं निकामी झालेल्या चौसष्ट माणसांचं रक्त तिथली दहा यंत्रं आठवड्यातून तीनदा शुद्ध करून देत, आणि कुणाच्या अंगातलं किती पाणी काढायचं, कुणाला कोणतं औषध द्यायचं, हे सारं ताईंच्या कॉम्प्युटरात असे. दर शनिवारी संध्याकाळी त्या सगळा डेटा एका डिस्कवर उतरवून घ्यायच्या आणि ती घरी नेऊन कपड्यांच्या कपाटात ठेवायच्या. सात वर्षांत एकही शनिवार चुकला नव्हता.

“अहो ताई, क्लाउडवर आपोआप जातंय सगळं,” डॉक्टर हसून म्हणायचे. “कशाला हमाली करता?”

“जातंय तर जाऊ दे की,” त्या म्हणायच्या. “माझी डिस्क काय खायला मागते?”

त्या बुधवारी सकाळी साडेसहाला ताईंनी कॉम्प्युटरच्या खोलीचं दार उघडलं आणि पाऊल पाण्यात पडलं. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला होता. छताचा एक तुकडा सर्व्हरवर कोसळलेला, आणि त्यातून अजून धार लागलेली. शेजारच्या खणात ठेवलेली रोजच्या नकलेची डिस्क हातात घेतली, तर तिच्यातून पाणी गळलं.

यंत्रांचा हॉल कोरडा होता. बाहेर बाकांवर पहिल्या पाळीचे दहाजण येऊन बसले होते. सोमवारनंतर त्यांचं रक्त आज शुद्ध होणार होतं. निवृत्त शाळामास्तरीणबाईंना तर बसल्याजागी धाप लागत होती.

ताईंनी मोबाइलवरून क्लाउड उघडायला घेतलं. शेवटची नक्कल आठ महिन्यांपूर्वीची. तिथली जागा भरली होती, आणि तसं सांगणारी पत्रं नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी पत्त्यावर जात होती.

त्यांनी घरी फोन लावला. “अहो, कपाटातली काळी डिस्क घेऊन या. आत्ता. जसे आहात तसे.”

त्यांचा आवाज ऐकून यजमानांनी, कधी नव्हे ते, एकही विनोद केला नाही. पंचवीस मिनिटांत ते घरातल्याच चपलांवर येऊन पोहोचले. डिस्क टॉवेलात गुंडाळलेली होती. ताईंनी जुना लॅपटॉप काढला, वहीत लिहून ठेवलेल्या पायऱ्यांवर बोट ठेवत एकेक करत गेल्या. पावणेआठला पडद्यावर नावं उमटली.

“सुटलो!” मुख्य सिस्टर म्हणाल्या. “चला, घ्या एकेकाला आत.”

“थांबा.” ताई पडद्याकडेच बघत होत्या. “हे शनिवारचं आहे.”

“मग? तीन-चार दिवसांत काय मोठं बदलतंय?”

“काल दुपारी डॉक्टरांनी अकरा चिठ्ठ्या दिल्या होत्या. मी सगळे बदल चढवले आणि चिठ्ठ्या फाडून टाकल्या. बाकीचे बदल किरकोळ होते, पण एकीवर होतं, हेपॅरिन देऊ नये.”

सिस्टरांचा हात थांबला. हेपॅरिन म्हणजे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन. ते दिल्यावर यंत्राच्या नळ्यांत रक्त गोठत नाही, पण कुणाला आतून रक्तस्राव होत असेल तर तेच जिवावर बेतू शकतं.

“कुणाची चिठ्ठी?”

“नाव नव्हतं, नंबर होता. नंबर आठवत नाहीये.” ताईंनी वहीची पानं भराभर उलटली. “किती आठवून बघतेय, पण नाहीच आठवत.”

डॉक्टर पहाटेच्या विमानाने निघाले होते, फोन बंद. कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. सिस्टरांनी बाकांपाशी जाऊन प्रत्येकाला विचारलं, “काल डॉक्टरांना भेटलात? कुठून रक्त वगैरे जातंय?” दहाही जणांनी नकारार्थी माना हलवल्या. मास्तरीणबाईंचे ओठ निळसर दिसायला लागले होते.

“नाही म्हणताहेत ना सगळे,” सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. “दुसऱ्या पाळीतलं असेल कुणीतरी.”

“असेलही. पण नसलं तर?”

सिस्टरांनी बाकांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “ठीक आहे. कुणालाच द्यायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी प्रत्येकाच्या नळ्या सलाइनने धुवायच्या. दहा यंत्रं, आम्ही तिघी. ताई, तुम्ही घड्याळ धरा.”

पुढचे चार तास ताई हॉलच्या मधोमध उभ्या होत्या, हातात कागद. “दोन नंबर. पाच नंबर. सात, सात राहिलंय!” सिस्टर धावत होत्या. दहा वाजता चार नंबरचं यंत्र किंचाळलं. मास्तरीणबाईंच्या नळीत रक्त गोठलं होतं. नळ्या बदलाव्या लागल्या, आणि त्यांचं फुलपात्रभर रक्त वाया गेलं. आधीच कागदासारख्या पांढऱ्या पडलेल्या त्या बाई ताईंकडे बघत म्हणाल्या, “काय चुकलं हो?” ताईंनी पुढचा नंबर पुकारला.

साडेबाराला डॉक्टरांचा फोन लागला. ताईंनी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, “शिंप्याला हेपॅरिन दिलं नाहीत ना? पोटात रक्तस्राव आहे त्याच्या.”

नऊ नंबरवरचे शिंपीकाका हाताला पट्टी लावून घेत होते. सिस्टर त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. “काका, सकाळी विचारलं तेव्हा का नाही बोललात?”

“बोललो असतो तर तुम्ही मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं असतं,” ते खाली मान घालून म्हणाले. “तिथून माझी बायको परत आली नाही.”

ताई ओल्या खोलीत जाऊन उलट्या बादलीवर बसल्या. यजमान दाराशीच होते, सकाळपासून घरी गेलेच नव्हते. डिस्क गुंडाळून आणलेला टॉवेल त्यांनी ताईंच्या हातात दिला.

परत आल्यावर डॉक्टरांनी कौतुक केलं, तेव्हा ताईंनी ते पुरं होऊ दिलं नाही. “शिंपीकाका वाचले ते सिस्टरांमुळे. माझ्या डिस्कवर त्यांना इंजेक्शन द्यायचंच लिहिलं होतं.” मग त्यांनी मागण्या मांडल्या. डिस्क रोज घरी जाणार. दिवसभरात झालेल्या बदलांचा कागद रोज संध्याकाळी छापून हॉलच्या कपाटात. आणि तीन महिन्यांतून एकदा, न सांगता, कॉम्प्युटर बंद करून सगळं कागदावरून चालवून बघायचं.

पहिली तालीम एका सोमवारी झाली. ताईंनी भर सकाळी कॉम्प्युटरची वायर उपसली. सिस्टर वैतागत कपाटाकडे गेल्या, तर कपाटाला कुलूप, आणि त्याची किल्ली रजेवर गेलेल्या सिस्टरच्या घरी.

ताईंनी वही उघडली आणि लिहिलं, ‘किल्ली. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.’ मग वायर परत लावली आणि म्हणाल्या, “उद्या पुन्हा.”