वनमालाबाईंचा जांभळा रंग

वनमाला तेंडोलकर कुणावर पटकन विश्वास ठेवत नसे. दुधाचा थेंब नखावरून कसा ओघळतो ते पाहिल्याशिवाय ती दूध घेत नसे, आणि पाहुण्याने कितीही शपथा घेतल्या तरी त्याची एसटी खरंच चुकली होती का, हे दुसऱ्याकडून काढून घेई. घाटकोपरच्या भटवाडीत, शिवदास चाळीतल्या बायका तिला मागून 'सीआयडी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

ती जन्मापासून अशी नव्हती. आणीबाणीत तिच्या दिराला, बाळाला, पांढऱ्या कोटातली माणसं छाती तपासायची म्हणून गाडीत बसवून घेऊन गेली. तो परत आला तो नसबंदी होऊन. ठरलेलं लग्न मोडलं, बाळा मालवणला गेला आणि पुन्हा मुंबईला आला नाही. तेव्हापासून पिशवीतून बाटल्या काढणारा माणूस दिसला की वनमाला त्याच्यावर नजर ठेवून राही.

गिरण्यांचा संप फसला आणि तिचा नवरा काशीराम मालाडला एका कारखान्यावर रखवालदार म्हणून लागला, त्याच सुमारास श्यामकांत कर्णिक चाळीत यायला लागले. मुलुंडच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून नुकतेच निवृत्त झालेले, इस्त्रीचा बुशशर्ट, खांद्याला शबनम. रविवारी सकाळी गणपती मंडळाच्या खोलीत ते तक्ते टांगत आणि ग्रहण कसं लागतं, दूध का नासतं, जखम का चिघळते, हे समजावून सांगत. एक पैसा घेत नसत.

"फुकट कोण शिकवता गो?" वनमाला शेजारच्या द्रौपदीला म्हणाली. "ह्याका काय व्हया असात?"

"शिकलेला माणूस आहे, वेळ जात नसेल घरी," द्रौपदी म्हणाली.

"वेळ जात नाय तर पत्ते खेळावे."

आधी तिला वाटलं, हा बिल्डरचा माणूस. खोल्या मोजायला आलाय. मग वाटलं, निवडणुकीला उभा राहणार. एकदा तर ती भाजीच्या निमित्ताने त्यांच्यामागून स्टेशनपर्यंत गेली. कर्णिकांनी वाटेत केळी घेतली, पूल ओलांडला आणि पूर्वेच्या आपल्या बिल्डिंगमध्ये शिरले. त्याने तिचा संशय उलट वाढलाच. इतका सरळ माणूस तिने पाहिला नव्हता.

त्या उन्हाळ्यात चाळीत कावीळ आली. द्रौपदीची मुलगी उत्तरा अंथरुणाला खिळली, तिचे डोळे हळदीसारखे झाले. कुणी गळ्यात माळ घालून आणली, कुणी नजर उतरवली. कर्णिक म्हणत राहिले, "माळेने नाही जाणार. पाणी उकळून प्या. दोष पाण्यात आहे." ते नळाचं पाणी बाटल्यांत भरून नेऊ लागले. आमचं पाणी ह्यांना कशाला, हे वनमालाला कळेना.

मग एका दुपारी, पाणी यायच्या आधी, संडासांच्या मागे गटारापाशी कर्णिक उकिडवे बसलेले तिला दिसले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि एक बाटली गटारात रिकामी केली. थोड्या वेळाने नळ सुटला तो हिरवा.

चाळ खवळली. चाळमालकाचा मुकादम कुंडलिक कुठूनसा धावत आला आणि ओरडला, "विष घातलं ह्याने पाण्यात."

"मी बघितलंय ह्यांना बाटली ओतताना," वनमाला पुढे होऊन म्हणाली.

कर्णिक कळवळून सांगत होते, "बाई, मी गटारात ओतलं. तो साधा रंग होता. गटारातलं नळात येतंय, हेच तर दाखवायचं होतं." पण तोवर कुणीतरी त्यांची कॉलर धरली होती. मंडळाच्या खोलीतले त्यांचे तक्ते फाटले, काचेची भांडी फुटली. चष्मा उचलून ते खाली मान घालून निघून गेले, ते पुढचे रविवार आलेच नाहीत.

वनमालाला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण भाकऱ्या थापताना तिचा हात मधेच थांबायचा. मोरी तुंबली म्हणून महिनोन् महिने ओरडलं तरी न फिरकणारा कुंडलिक त्या दुपारी इतक्या लगबगीने कसा आला? आणि जाताना सगळ्यांना तो का बजावून गेला, की गटाराजवळ कुणी खणायचं नाही, मालकाची जागा आहे?

"त्याचा काय ता?" काशीराम जेवताना म्हणाला. "मालकाचो माणूस, मालकाचाच बघतलो."

"म्हणजे बघण्यासारखा काय तरी असा."

काशीरामने मान हलवली. बायकोच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते निघत नाही, हे तो जाणून होता.

कर्णिकांवरचा तिचा संशयही गेला नव्हता. एका हाताने गटारात ओतायचं आणि दुसऱ्याने गुपचूप नळाच्या पाइपात सोडायचं, असंही असू शकतं. मग तिने ठरवलं, आपणच ओतायचं. कर्णिकांकडे नसलेला रंग, कर्णिक नसताना, कुणाला न सांगता.

कुर्ल्याला साड्या रंगवणाऱ्याकडून तिने जांभळा रंग आणला. दुपारी चाळ सामसूम असताना तो बादलीभर पाण्यात कालवला आणि संडासांमागच्या गटारात ओतला. मग पांढरं एनॅमलचं घमेलं घेऊन ती नळापाशी सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. बायका हंडे घेऊन आल्या तर तिने कुणालाच पुढे होऊ दिलं नाही.

"आज काय झालंय हिला?" द्रौपदी पुटपुटली.

नळ फुसफुसला आणि पाणी आलं. स्वच्छ, नितळ. वनमालाच्या छातीवरचं ओझं उतरलं. खोटारडा होता तर मेला, ती मनात म्हणाली. तिने घमेलं उपडं केलं आणि पुन्हा नळाखाली धरलं. आता घमेल्याच्या कडेला एक फिकट रेघ उमटली. मग पाणी जांभूळ पिळल्यासारखं झालं.

बायकांत गलका झाला. आवाज ऐकून कुंडलिक आलाच. "परत आला होता वाटतं तो म्हातारा?" तो म्हणाला.

"म्हातारा नाय आला," वनमाला म्हणाली. "मी ओतला रंग. गटारात. ही बादली बघ, हे माझे हात बघ." तिचे हात कोपरापर्यंत जांभळे होते. "आता तू सांग, गटारात काय पुरलंयस?"

कुंडलिक मागच्या मागे सरकला. द्रौपदीने आपला रिकामा हंडा नळापासून दूर ओढला. हेच पाणी तिने उत्तराला ग्लास भरभरून पाजलं होतं.

दुसऱ्या दिवशी चाळीतल्या बायका चाळमालक शिवदास शेठच्या दुकानासमोर जाऊन बसल्या आणि तो खणायला कबूल होईपर्यंत उठल्या नाहीत. जमीन उकरली तेव्हा दिसलं, की मागे दोन खोल्या वाढवताना कुंडलिकने नळाचा पाइप गटारातूनच नेला होता आणि सांध्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं होतं. नळ बंद असताना गटाराचं पाणी तिथून आत झिरपत होतं. पाइप गटारावरून उंच न्यावा लागला. उत्तरा हळूहळू बरी झाली.

वनमाला एकटीच कर्णिकांच्या घरी गेली. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"आता काय हवंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं. साखळी काढली नाही.

"तुम्ही बोललात ते खरं निघालं. मी करून बघितलं."

"बघितलंत ना? मग झालं." ते तिच्या हातांकडे पाहत होते. रंग अजून नखांत होता. "मी गेल्यावर सुचलं तुम्हाला?"

"तुम्ही चोरासारखं लपून ओतलंत," वनमाला म्हणाली. "बाटली आमच्या हातात दिली असती तर कुणी कॉलर धरली नसती. मी धरली नाही, पण बोलले. ते चुकलं माझं."

कर्णिकांनी दार लोटलं. मग साखळी सरकल्याचा आवाज आला.

रविवार पुन्हा सुरू झाले, पण आता बाटल्या आणि भांडी चाळीतल्या बायकांच्या हातात असत. कर्णिक बाजूच्या खुर्चीवर बसून सांगत. ते उत्साहाने काही सांगू लागले, की पुढच्या रांगेतून वनमाला विचारी, "कशावरून?" सुरुवातीला ते चिडायचे. नंतर नंतर ती दिसली नाही तर ते सुरूच करत नसत.

एकदा त्यांनी कुठूनसा जुना सूक्ष्मदर्शक आणला. काचेच्या पट्टीवर डबक्यातल्या पाण्याचा थेंब ठेवला. बायका एकेक करून वाकल्या आणि पाण्यात वळवळणारे जीव बघून तोंडाला पदर लावत मागे सरल्या. वनमालाची पाळी आली. तिने नळीला डोळा लावला, सावकाश पाहिलं आणि सरळ झाली.

"हे थेंबातच आहेत, की तुमच्या काचेवर आधीपासून चिकटलेत?"

द्रौपदी हसली. कर्णिक हसले नाहीत. त्यांनी दुसरी कोरी काच काढली, धोतराच्या मऊ तुकड्याने पुसली आणि तिच्यासमोर धरली.

"तुम्हीच लावा, बाई," ते म्हणाले.

वनमालाने काच उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, पदराने पुन्हा पुसली आणि नळीखाली सरकवली.