पिंपातलं अंजीर

मावशींच्या नर्सरीत जमिनीत एकही रोप नव्हतं. नवी गिऱ्हाइकं हे ऐकून हसायची. अहो, नर्सरी म्हणायची आणि जमिनीत काही नाही? पण खरंच तसं होतं. पाण्याच्या टाकीमागचा तो भूखंड नगरपालिकेने मावशींना दिला होता तो फक्त तात्पुरत्या वापरासाठी. परवाना दरवर्षी नवा करून घ्यायचा. अट एकच, पण मोठी खाष्ट: एका दिवसात उचलून नेता येणार नाही, असं काहीही तिथे ठेवायचं नाही. म्हणून गुलाब कुंडीत, वेली कुंडीत, लिंबूही कुंडीत. ऑफिस म्हणजे चाकांवरची पत्र्याची टपरी. "आता तुझ्या चपलांनाच काय ती चाकं लावायची राहिलीत," असं मावशींचे यजमान म्हणायचे.

यजमान भारी गमत्या माणूस. परवाना त्यांनीच खेटे घालून मिळवलेला. दरवर्षी नवा कागद हातात आला की म्हणायचे, "अगं, एक दिवस इथे आपलं कायमचं होईल बघ."

"होतंय! आधी त्या कुंड्या सरकवा," मावशी म्हणायच्या.

कुंड्या सरकवणं म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवसाचं काम. प्रत्येक कुंडी वीतभर हलवायची. मग तिच्या जुन्या जागी ओला गोल डाग दिसायचा. तो पाहिला की तपासनीस समजायचा, कुंडी हलते, आणि सही ठोकायचा. नऊशे कुंड्या, नऊशे डाग. दोघांच्या कमरेचा पार खुळखुळा व्हायचा.

एक पिंप मात्र यजमान एकटेच सरकवायचे. अर्धं कापलेलं लोखंडी पिंप आणि त्यात अंजीर, त्यांनीच काडी खोचून वाढवलेलं. पहार लावून, पिंपाला शिव्या घालत ते हलवायचे. सात वर्षांपूर्वी ते गेले. त्या वर्षी मावशींनी पहार हातात घेतली आणि तशीच परत ठेवली. दुसऱ्या कुणी त्या पिंपाला हात लावावा, हेही त्यांना सोसेना. मग या बाईने काय करावं? पाइप घेतला आणि पिंपाला लागून जमिनीवर एक गोल ओला करून ठेवला. झाला डाग! तपासनीस फसला. पुढच्या वर्षीही फसला. अशी सात वर्षं गेली. पोटच्या लेकीलाही त्यांनी याचा पत्ता लागू दिला नाही.

यंदा तपासनीस बदलला. नवी मुलगी, मावशींची नात शोभेल एवढी. सगळे डाग तिने वाकून वाकून पाहिले आणि अंजिरापाशी थांबली.

"मावशी, हे जरा सरकवून दाखवता?"

लेक आणि जावई त्या दिवशी मदतीला आले होते. लेक म्हणाली, "दाखव ना आई, दरवर्षी सरकवतेसच की."

जावई पुढे झाला. त्याने धक्का दिला, मग खांदा लावला, मग पहार घातली. पिंप तसूभर हललं नाही. पहारेला लागून गंजलेल्या पत्र्याचे पापुद्रे तेवढे खाली पडले. तपासनीस गुडघ्यांवर बसली, हाताने माती उकरली आणि म्हणाली, "मावशी, याला बूडच उरलेलं नाही. मनगटाएवढी मुळं जमिनीत गेलीत."

मावशी मटकन खाली बसल्या. खोटं आपण बोललो, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्या खोट्याखाली मुळं धरतायत, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. लेक एकदा मुळांकडे बघत होती, एकदा आईकडे.

"म्हणजे हा वापर आता तात्पुरता राहिला नाही," तपासनीस हळूच म्हणाली. "परवाना नवा करता येणार नाही."

"तोडते मी ते." मावशी ताडकन उठल्या. "आत्ताच्या आत्ता. करवत आण गं!"

"आई, बाबांचं झाड!"

"बाबांचीच नर्सरी आहे ना? आण म्हणते ना!"

तपासनीस मुलीने खोडाभोवती टेप धरली आणि तिचाच चेहरा उतरला. एवढ्या घेराचं झाड वृक्ष विभागाच्या परवानगीशिवाय तोडता येत नव्हतं. मावशींनी त्याच दिवशी अर्ज केला. आठ दिवसांनी उत्तर आलं: झाड निरोगी आहे, तोडू नये. आता करा काय करायचं ते! झाड आहे तोवर परवाना नाही, आणि झाड तर तोडायचं नाही.

मावशींनी अट शेवटपर्यंत पाळली. एका दिवसात सगळं उचललं. नऊशे कुंड्या टेम्पोत चढल्या, टपरी चाकांवरून गेली. उरले ते ओले डाग, आणि तेही हळूहळू वाळू लागले.

संध्याकाळी वृक्ष विभागाचा माणूस आला. त्याने खोडाला नंबराची पत्र्याची चकती बांधली आणि वहीत लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला, "भूखंड रिकामा. झाड एक. कायम."

"काय म्हणालात?" मावशींनी विचारलं.

"कायम, मावशी. आता याला कुणी हलवू शकत नाही."

मावशी त्या चकतीकडे बघतच राहिल्या. परवान्याची एकोणीस वर्षं, एकोणीस अर्ज, आणि या झाडाने एकही अर्ज केला नव्हता. लेकीने खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बघ गं. ह्यांनी केलं की नाही आपलं कायमचं!"

आणि मग त्या जोरात रडल्या.