तिच्या बाजूचा स्विच

तापलेल्या वायरचा वास आला की मला हिंगणीतल्या आमच्या अंगणातली ती दुपार आठवते. पिकअपला समोर दोन जादा लाइट बसवले होते, कारण अंधार पडला की जंगलाजवळ रोही, म्हणजे नीलगाय, कधी रस्त्यावर येईल याचा नेम नसतो. पहिल्यांदा मी घाईत रिले न लावताच वायर सरळ स्विचला जोडली आणि ती तापून धूर निघाला. मग फ्यूज, रिले सगळं नीट बसवलं, स्विचसाठी स्टिअरिंगच्या उजवीकडे भोकही पाडलं. बायको आत बसून बोनेटकडून येणारी वायर ओढून घेत होती. वायर हाती आल्यावर तिनं ती मला दिलीच नाही. म्हणाली, "स्विच माह्याकडे लावा." मी विचारलं, "काऊन?" "परवा तुम्ही डिप्पर देल्ला नाई, लाइट डोळ्यावर आला अन् तो सायकलवाला नालीत गेला. तुम्हाले दिसलाही नाई." मी डावीकडे, तिच्या सीटसमोर, दुसरं भोक पाडलं. त्यानंतर कित्येक वर्षं समोरून कोणी दिसलं की ती बोलता बोलता लाइट बंद करायची. आता गुडघ्यांमुळे ती पिकअपमध्ये चढत नाही. मेकॅनिक म्हणतो, उजवीकडे भोक तयारच आहे, स्विच तिकडे घेऊ. मी घेऊ देत नाही. रिकाम्या सीटपर्यंत हात न्यायचा तर गाडी हळू करावी लागते, आणि गाडी हळू झाली की मलाही समोरचा माणूस दिसतो.