तापाला पत्ता लागू नये म्हणून

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या उपकेंद्राच्या हद्दीतल्या प्रत्येक पाड्याला ठाऊक आहे. मी नर्स, माहेर जव्हारचं. सूर्यमाळच्या चढणी चढून चढून गुडघे गेले, पण आवाज शाबूत आहे. त्या दिवशी मात्र तो काही कामाला आला नाही.

आदल्या संध्याकाळी आशाताईंचा फोन आला होता. वरच्या पाड्यावरच्या सात महिन्यांच्या पोटुशीला थंडी वाजून ताप येतोय, एक दिवसाआड, दुपारचा. मधल्या दिवशी ती ठणठणीत असते, तांदूळ निवडते, पाणी भरते, म्हणून घरच्यांना वाटतं गेला. "उद्या त्याचा दिवस आहे," ताई म्हणाल्या. त्यांना मोखाड्याला मीटिंगला जायचं होतं, म्हणजे मी एकटीच. माझी झोप उडाली. पोटुशी बाईला हिवताप झाला तर तो तिच्या एकटीपुरता राहत नाही. बाळाला जिथून अन्न जातं त्या वारेतच जाऊन बसतो. आईचं रक्त कमी होतं, साखर एकाएकी उतरते. बाळ आतल्या आत सुकतं, कधी दिवस भरायच्या आधीच बाहेर येतं, कधी पोटातच जातं. हे मी शिकताना वाचलं होतं आणि एकदा डोळ्यांनी पाहिलंही होतं. पुन्हा पाहायची माझी तयारी नव्हती.

सकाळी रक्त तपासायची पट्टी, गोळ्या आणि बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र पिशवीत टाकून चढले. दाराला बाहेरून कडी. सून नाही, सासूही नाही. नवरा भिवंडीला गोदामात कामाला, म्हणजे तो असण्याचा प्रश्नच नव्हता. शेजारीपाजारी विचारलं तर सगळे मूग गिळून गप्प. एक बाई माझ्या तोंडाकडे बघून हसली आणि आत निघून गेली. माझं डोकंच फिरलं.

"अरे, जीव जाईल तिचा! कुठे आहे सांगा ना!"

ओट्यावर तांदूळ पाखडत बसलेली एक म्हातारी हळूच म्हणाली, "बोंबलू नको बाय. तो आयकंल."

"कोण ऐकेल?"

तिने स्वतःच्या कपाळाला तळवा लावून दाखवला. ताप.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लहानपणी ऐकलं होतं मी हे. त्याच्या दिवशी आजाऱ्याला पहाटेच घरातून हलवायचं. तो येतो, दार बंद बघतो आणि परत फिरतो. आणि आजारी माणूस कुठे नेलाय, ते कोणी तोंडातून काढायचं नाही, कारण तो आसपासच असतो. वेळेचा हा इतका पक्का की आमची एसटी त्याच्यापुढे काहीच नाही, पण अक्कल मात्र बंद दार बघून परत जाण्याइतकीच! एरवी मी हसले असते. पण ऊन डोक्यावर येत होतं आणि ती बाई कुठल्याशा डोंगरात होती.

"आजी, सांगू नको," मी म्हणाले. "तू नुसती चाल. मी मागून येते."

तिने सूप बाजूला ठेवलं आणि ती उठली.

वाटेत आम्ही एक शब्द बोललो नाही. ओहोळ उतरलो, करवंदीच्या जाळ्यांतून वर चढलो, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला गेलो. तिथे नागलीच्या शेतात राखणीचं खोपट होतं. दाराशी सासू हातात कोयता घेऊन बसलेली. आत दोन गोधड्या आणि वर पोतं घालूनही सून थडथड उडत होती.

"सापडलो त्याला," सासू म्हणाली आणि रडायला लागली. माझ्याकडे तिने असं पाहिलं, जसं काही मीच त्याला बोटाला धरून आणलं होतं.

बोट टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. थोड्या वेळाने रेघ उमटली. हिवतापच, आणि तोही वाईट जातीचा. सुनेचं बोलणं अडखळत होतं, कपाळ घामाने थबथबलेलं. साखरेचं पाणी घोट घोट पाजत मी विचारलं, "पोटात हलतंय का गं?"

तिने मान हलवली. सकाळपासून नाही.

मी पोटावर यंत्र ठेवलं. नुसती खरखर. जागा बदलली, पुन्हा खरखर. यंत्र तिथेच टाकून मी बाहेर धावले, सासू आणि म्हातारी माझ्या मागोमाग.

खोपटाच्या वरच्या खडकावर मोबाइलला कशीबशी रेंज आली. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर विचारत होता, "मॅडम, कुठं यायचं?" मी तोंड उघडलं आणि थबकले. मला त्या जागेचं नावच माहीत नव्हतं! तिला मागे पाड्यावर न्यायचं तर अख्खा डोंगर पुन्हा चढायचा. खाली दुसऱ्या बाजूला डांबरी रस्ता दिसत होता, पण तो कुठला, फाटा कोणता, मला काय ठाऊक? म्हातारीकडे बघितलं तर तिने मान फिरवली. मी फोन सासूपुढे धरला.

"नाय बाय," ती मागे सरकली. "नाव घेतला तं तो हिला सोडायचा नाय."

"नाही घेतलंस तर गाडी येणार नाही."

तिने खोपटाकडे पाहिलं. आतून कण्हण्याचा आवाज येत होता. तिने माझ्या हातातून फोन हिसकावला आणि ओरडली, "मोहाचे टेपावर! पाझर तलावाचे वर, मोहाचे टेपावर!" पलीकडून नीट ऐकू जात नव्हतं, म्हणून त्या टेकडीचं नाव ती पुन्हा ओरडली, आणि पुन्हा. खालच्या शेतातले दोघे गडी तो आवाज ऐकून धावत वर आले. त्यांनी गोधडीची झोळी केली आणि आम्ही रस्त्याकडे उतरलो.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं, सलाईन लागली. डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवलं आणि बाळाचा ठोका साऱ्या खोलीला ऐकू आला, भरभर चाललेला. माझ्या जिवात जीव आला. डॉक्टर म्हणाले, परवाचा दिवस नीट गेला तर धोका टळला म्हणायचं.

परवा म्हणजे पुन्हा त्याचाच दिवस. दुपारी मी वॉर्डात पोहोचले तर तिच्या खाटेवर कुणीतरी डोक्यापासून पायापर्यंत पांघरूण घेऊन निजलेलं. मी धावलेच. पांघरूण ओढलं, तर सासू! अंग थंडगार, डोळे घट्ट मिटलेले. सून शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसून डाळभात खात होती.

"सकाळपासून मला तिथं निजू नाय देत," सून म्हणाली.

"उठ बरं," मी सासूला म्हणाले. "ही आजाऱ्याची खाट आहे."

तिने डोळे उघडले नाहीत. "पत्ता मी दिला ना त्याला? मंग येऊं दे. हितं मी हाय."

औषधाने जंतू मरतात, ताप काही पत्ता विचारत येत नाही, सगळं माझ्या जिभेवर होतं. तेवढ्यात सुनेने माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून लाथ बसली, चांगली जोरात. मला रडू आलं.

मी पांघरूण सासूच्या पायांवर नीट ओढलं आणि तिच्या उशाशी बसले. दुपार कलेपर्यंत आम्ही तिघी त्याची वाट बघत राहिलो.