काकूंचं नाक

आमच्या काकूंचं नाक चिखलीत प्रसिद्ध होतं. कॉलेजात असताना मी एकदा सिगारेट ओढली आणि वर तीन वेलदोडे चावून त्यांच्या घरात शिरलो. आतल्या खोलीतून आवाज आला, "वेलदोडे कशाला वाया घालवलेस?" माझं व्यसन त्या दिवशी सुरू झालं आणि त्याच दिवशी संपलं.

काकू ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. काका चाकणला एका कंपनीत मशीनवर होते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही आजारी पडले. काका गेले. काकू वाचल्या, पण त्यांचं नाक गेलं. फोडणी जळली तरी त्यांना धूर दिसल्यावरच कळायचं.

माझं छोटं वर्कशॉप आहे आणि बुद्धीही त्याच मापाची, म्हणून काकू मला माझ्या भाषेत समजावायच्या. "अरे, हा विषाणू म्हणजे नुसतं ड्रॉइंग घेऊन आलेलं गिऱ्हाईक. मशीन आपलं, माल आपला, ऑपरेटर आपला. आपल्याच पेशीत बसून स्वतःचे जॉब, म्हणजे स्वतःच्याच प्रती, काढून घेतो."

"पण शटर कोण उघडतं त्याला?"

"पेशीच्या बाहेर एक प्रथिन असतं. रक्तदाब सांभाळायला मदत करणारं, साधं, कामसू. विषाणूच्या काट्यांना नेमकं तेच धरता येतं. आत शिरला की आधी आपला धोक्याचा भोंगा बंद पाडतो, आजूबाजूला कळू नये म्हणून." मग म्हणाल्या, "तुझ्या काकांचा भोंगा उशिरा वाजला. आणि वाजला तो थांबलाच नाही."

अशा वेळी मी काहीतरी विनोद करतो. त्या दिवशी नुसता चहा प्यालो.

"आणि तुमच्या नाकाचं काय?"

"वास घेणाऱ्या पेशींना तो सहसा धरत नाही. त्यांच्या दारावर ते प्रथिन नसतंच म्हण ना. धरतो त्यांच्या शेजारणींना, त्यांना सांभाळणाऱ्या पेशींना. त्या गेल्या की ह्या नुसत्या गप्प बसतात."

घरात तेव्हा त्या एकट्याच राहत होत्या.

काकांचा कंपनीतला निळा शर्ट दाराआडच्या खुंटीवर तसाच राहिला होता. काकूंनी तो न धुता प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवला. नाक परत येईपर्यंत शर्टाचा वास टिकला पाहिजे, एवढीच त्यांची धडपड. मी गेलो की पिशवी उघडायची आणि मी हुंगून सांगायचं.

"आहे अजून?"

"आहे. मशीनचं कूलंट, घाम आणि काकांची तंबाखू."

"बांध लवकर, उडतो."

एकदा माझी आई सोबत होती. नाकाला पदर लावून म्हणाली, "अगं, धू की तो शर्ट. घाण येती त्याची."

"येते ना, ताई?" काकूंचा चेहरा उजळला. "परत सांगा."

पुढे त्या पिशवी क्वचितच उघडू लागल्या. रोज सकाळी मात्र लवंग, लिंबाची साल आणि निलगिरी नाकाशी धरून बसायच्या, परीक्षेला बसल्यासारख्या.

अशीच काही वर्षं गेली. एका संध्याकाळी मी वर्कशॉपमधून थेट त्यांच्याकडे गेलो. काकू दाराकडे पाठ करून मेथी निवडत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "हात धुतले नाहीस."

मी सवयीने मोरीकडे वळलो आणि मधेच थांबलो. काकूंच्या हातातली काडी तशीच राहिली होती. त्या उठल्या, माझा हात धरून मंडईत पेरू हुंगावा तसा हुंगला. "कूलंट," म्हणाल्या. मग घाईने पिशवी काढली, गाठ सुटेना तर फाडली, आणि शर्टात तोंड खुपसून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"तू बघ."

मी पाहिलं. नुसत्या प्लास्टिकचा वास होता. "आहे" हा शब्द ओठांवर आला होता, पण समोर ते जुनं नाक उभं होतं.

"नाही, काकू."

त्यांनी शर्ट बादलीत भिजत घातला. "ताई कधीपासून म्हणतायत, धू म्हणून." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या ये. असाच, न धुता."

मी जात राहिलो. बायको म्हणायची, "काकूंकडे तरी माणसासारखं जावं." गेल्या वर्षी काकूंची मुलगी त्यांना बेंगळुरूला आपल्याकडे घेऊन गेली. आता वर्कशॉप बंद करायच्या वेळेला त्यांचा फोन येतो.

"हात धुतलेस?"

"नाही अजून."

"बरं," म्हणतात. मग मी हात नाकाशी नेऊन सांगतो, "आहे अजून."